पऱ्हाटीचा वायू

“बाबा, ते आपलं पऱ्हाटीचं बंद झालं,” इंद्रजित म्हणाला तेव्हा चार्जिंगच्या यंत्राच्या पडद्यावर एकोणपन्नास मिनिटं बाकी होती. चहात साखर कमी आहे हे सांगावं तसं त्याने ते सांगितलं, मोबाईलवरची नजरही न काढता. गाडी यवतमाळच्या बाहेर एका हॉटेलच्या अंगणात कडुलिंबाखाली उभी होती, आणि जाड काळी नळी तिच्या कुशीत सलाईनसारखी लावलेली होती. धम्मरत्न शेजारच्या सीटवर बसला होता. गाडी थांबून दहा मिनिटं झाली तरी त्याने पट्टा काढला नव्हता, कारण एकतीस वर्षं कृषी खात्यात सरकारी नोकरी केलेल्या माणसाला कोणी सोडवल्याशिवाय सुटायची सवय नसते. आता तो पट्टा एकदम छातीत रुतला. “कधी बंद झालं?” त्याने विचारलं. “मार्चमध्ये.” मे संपत आला होता. मार्चनंतर एप्रिल येतो आणि एप्रिलमध्ये चौदा तारीख येते, हे पोराला शाळेत नक्की शिकवलं असणार. त्या चौदा तारखेला, जयंतीच्या दिवशी, धम्मरत्न गावच्या विहारासमोर माईक हातात घेऊन उभा होता आणि म्हणाला होता, “पऱ्हाटी ठेवा. जून लागेपर्यंत कोणी जाळू नका. कंपनीची गाडी येते.” कापूस वेचून उरलेल्या त्या वाळक्या झाडांसाठी लोकांनी टाळ्या वाजवल्या होत्या. बापाने फोनवर त्या टाळ्यांचं वर्णन केलं तेव्हा इंद्रजित पुण्याहून “वा, छान” म्हणाला होता. ते “वा, छान” आता धम्मरत्नला पुन्हा ऐकू आलं आणि त्यातला स्वल्पविराम दिसला.

“मले सांगतलं काहून नाई?” “तुम्ही विचारलं नाहीत.” हे खरंच होतं. पोरगं लहानपणापासून खरं बोलायचं, विचारलं की. धम्मरत्नने काच खाली केली. उन्हाची वाफ आत आली, तिच्यात भज्यांच्या तेलाचा वास होता. इंद्रजित समजावून सांगू लागला. पुण्यात तो मीटिंगमध्ये असाच बोलत असणार, एका वाक्यात तीन वेळा ‘बेसिकली’. हायड्रोजनची गाडी चांगली असते, पाच मिनिटांत भरते, लांब जाते. पण तिला पंप लागतो, आणि तो पंप म्हणजे पेट्रोलसारखी साधी टाकी नव्हे. हवेच्या सातशे पट दाबाने वायू कोंबायचा, तो थंड ठेवायचा, त्याला जपायचं. एवढा खर्च करून पंप कोण टाकणार? गाड्या नाहीत म्हणून पंप नाहीत, पंप नाहीत म्हणून गाड्या नाहीत. चार्जिंगचं तसं नाही. जिथे वायर पोचली तिथे भिंतीला डबा टांगायचा. म्हणून कंपनीने कारचं हायड्रोजन थांबवलं, ट्रक-बिकांचं पुढे बघू म्हणाले. सगळी टीम चार्जिंगला हलवली. “म्हणजे तू?” “मी पण.” धम्मरत्नने मान डोलवली. एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर बदली होणं त्याला माहीत होतं. कापसावरून तुरीवर, तुरीवरून सोयाबीनवर त्याचीही व्हायची, आणि कापूस मागे तसाच उभा राहायचा. तेवढ्यात लाईन गेली. पडद्यावरची एकेचाळीस मिनिटं विझली. हॉटेलवाला दारात येऊन आकाशाकडे पाहत म्हणाला, “येईन लाईन. आतालोक तं होती.” इंद्रजित घड्याळ पाहू लागला. जिथे वायर पोचली तिथे, धम्मरत्नच्या मनात आलं. पण पोराचं बोलणं खोडून काढण्यात त्याला एरवी जो आनंद व्हायचा तो आज कुठे सापडेना.

एकतीस वर्षं तो गावोगाव एकच गोष्ट सांगत फिरला होता. कापसाचा वेचा संपला की पऱ्हाटी उपटा, जाळा, मातीत घाला, काहीही करा, पण बांधावर रचू नका. सुकलेल्या बोंडात गुलाबी अळी झोपते. तिची झोप कुंभकर्णाची आणि जाग कोतवालाची. नवा कापूस फुलावर आला की ती पाखरू होऊन बरोबर त्याच शेतात उतरते. हे त्याने चावडीवर सांगितलं, शाळेत सांगितलं, एका लग्नात मांडवातही सांगितलं. नर पाखरांना मादीच्या वासाने भुलवणारे कामगंध सापळे वाटताना बाया पदर तोंडाला लावून हसायच्या, म्हाताऱ्या पुरुषांना ते सापळे घरी न्यायचे असायचे. काही गावांत त्याला ओट्यावर बसवून चहा द्यायचे, काही गावांत ओट्याखाली उभं ठेवून द्यायचे, दोन गावांत चहाच द्यायचे नाहीत. पऱ्हाटीच्या बाबतीत मात्र सगळी गावं समान होती. ती कोणीच जाळली नाही. पावसाळाभर चुलीला सरपण काय, कुडाला काय, असं विचारायचे, आणि त्याच्याकडे उत्तर नसायचं, पत्रक असायचं. निवृत्तीच्या दिवशी त्याला शाल, नारळ आणि भिंतीवरचं घड्याळ मिळालं. घरी येताना बसच्या खिडकीतून बांधाबांधावर पऱ्हाटीच्या गंज्या दिसत होत्या, सलामीला उभ्या असल्यासारख्या. आपलं आयुष्य त्या गंज्यांच्या अंगावरून वाऱ्यासारखं गेलं, काडीही न हलवता, असं त्याला तेव्हा वाटलं होतं. मग तो घरी गेला आणि घड्याळाला सेल घातला.

लाईन आली. यंत्राने मोजणी पहिल्यापासून सुरू केली आणि पडदा त्रेपन्न मिनिटं म्हणाला. मागच्या नोव्हेंबरात इंद्रजित असाच आला होता, पण तेव्हा त्याच्या बोलण्यात ‘बेसिकली’ नव्हतं, त्याचे डोळे चमकत होते. “बाबा, पऱ्हाटीतून हायड्रोजन निघतो. भट्टीत घालायची, वायू काढायचा, तो गाडीत भरायचा. जी गोष्ट तुम्ही जन्मभर जाळा म्हणालात ना, तिच्यावर गाड्या चालतील. फक्त गावाने ती यंदा साठवून ठेवायची. तुमचं ऐकतात तिकडे.” तुमचं ऐकतात. हे वाक्य त्याला आयुष्यात पहिल्यांदा कोणी म्हटलं होतं, आणि तेही पोटच्या पोराने, म्हणून त्याने ते तपासून पाहिलं नाही. बियाण्याची पिशवी घेताना तो मागची तारीख पाहायचा, औषधाची बाटली उलटी करून पाहायचा. हे वाक्य मात्र त्याने तसंच घरात घेतलं. अळीचं काय, असं त्याने एकदा विचारलं. फेब्रुवारीत उचलू, अळी उठायच्या आत, पोरगा म्हणाला. विहारातल्या बैठकीला सत्तर माणसं आली, वरच्या आळीतली कास्तकार मंडळीही आली आणि चक्क सतरंजीवर बसली. त्याने समजावून सांगितलं की या गाडीला धूर नसतो, मागच्या नळीतून नुसतं पाणी पडतं. त्यावर त्याची थोरली वहिनी, नलू, बायांमधून उठून म्हणाली, “मंग भाऊजी, थे पाणी प्याले चालते का?” टँकरच्या गावात हा प्रश्न हसण्यासारखा नव्हता, तरी सगळे हसले, आणि तोही हसला, आणि त्याला वाटलं आपण यांच्यातले आहोत. फेब्रुवारीत कोणी आलं नाही. मार्चच्या सुरुवातीला कंपनीवाले ‘एप्रिल’ म्हणाले. आणि एप्रिलमध्ये त्याने स्वतः ‘जून’ म्हटलं, कोणी न सांगता, टाळ्यांच्या भरात. इतकी वर्षं जे जाळा म्हणून ऐकलं नाही ते ठेवा म्हणताच गावाने ऐकलं. आज्ञा आणि इच्छा एक झाल्या की माणूस पुढारी होतो. तो झाला होता, सात महिने.

नलूवहिनीची चार एकर. थोरला भाऊ गेल्यापासून ती एकटी वाहत होती, सालदार नाही, बैल भाड्याचे. दोन वर्षांपूर्वी कापूस बरा आला तेव्हा भाव वाढेल म्हणून तिने तो घरात ठेवला, सगळ्या गावानेच ठेवला. कापसात कसले बारीक किडे झाले आणि अख्खं गाव खाजवत बसलं. लोक बोलताना खाजवायचे, जेवताना खाजवायचे, आणि मग भाव उतरल्यावर खाजवत विकून आले. गेल्या वर्षी अळीने निम्मी बोंडं नेली. “आवंदा जर का खाल्लं तं वावर मक्त्यानं देतो न् दीपमालाकडे जाऊन रायतो,” ती जयंतीच्या दिवशी त्याला वाढता वाढता म्हणाली होती. दीपमाला तिची लेक, तिकडे अमरावतीला दोन खोल्यांत सहा माणसं. “जावयाच्या घरी सासूनं रायनं म्हंजे मोरीत रायनं भाऊजी.” ते ऐकून त्याने आणखी एक पोळी घेतली होती. ही चार एकर म्हणजे उकंडाची, धम्मरत्नच्या बापाची. उकंडाच्या आधीची तीन भावंडं वाचली नव्हती म्हणून त्याला जन्मताच उकिरड्यावर नेऊन ठेवला होता. मृत्यूने पाहावं आणि म्हणावं, हे तर टाकाऊ आहे, हे कशाला न्यायचं. मृत्यू फसला, उकंडा नव्वद वर्षं जगला, नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आला, पोरांना बुद्धाच्या घरची नावं दिली, पण स्वतःचं नाव त्याने बदललं नाही. कोणी विचारलं तर म्हणायचा, “जे नाव घेऊन जगलो थे कायले टाकू?” धम्मरत्नला आता वाटलं की टाकाऊ वस्तूवर एवढा जीव लावायचं हे घराण्यातच असावं. मग त्याला वाटलं की हा विचार फार सुबक आहे, आणि सुबक विचार आपल्याला तेव्हाच सुचतात जेव्हा काही करायचं राहून गेलेलं असतं.

“इंद्रजित, गावाकडं चाल. आज गंज्या पेटवाच लागते. पाऊस पडाच्या आत.” “नेरच्या रस्त्यालाच जायचंय ना आपल्याला,” तो म्हणाला, “गाव त्याच रस्त्यावर, नेरच्या सात किलोमीटर अलीकडे.” तिकडे कशाला, हे धम्मरत्नने विचारलं नव्हतं. त्याला वाटलं होतं पोरगा त्याला फिरवायला नेतोय. आता त्याने विचारलं, आणि पोराने खरं ते सांगितलं. गावाजवळ रस्त्याला लागून जागा पाहायची होती, चार्जिंगचे दोन डबे बसवायला. घनश्यामकाकांनी त्यांची जागा दाखवतो म्हटलं होतं. घनश्याम म्हणजे धम्मरत्नच्या वर्गातला, वरच्या आळीचा, तीस एकरांचा. धम्मरत्नच्या पोटात काहीतरी हळूहळू कुरतडत होतं, आणि त्याला त्याचं नाव, लांबी, रंग आणि जीवनक्रम सगळं पाठ होतं. पुढच्या त्रेचाळीस मिनिटांत तो काय बोलायचं ते जुळवत राहिला. ‘मी चुकलो’ यापासून सुरुवात करावी की ‘कंपनीने फसवलं’ यापासून. कंपनीने फसवलं म्हटलं की पोराचं नाव निघणार. मी चुकलो म्हटलं की लोक विचारणार, कोणत्या वेळी, पहिल्यांदा की दुसऱ्यांदा. एकदा वाटलं पत्रकच वाचावं, ‘शेतकरी बंधूंनो’. पडद्यावर टक्क्यांचा आकडा चढत होता, एकोणसाठ, साठ. जगात कुठेतरी एखादी गोष्ट ठरल्याप्रमाणे भरत होती.

गावात शिरताना गाडीचा आवाज नव्हता म्हणून कुत्री भुंकली नाहीत, पण माणसांनी पाहिलं. पारावर घनश्याम बसला होता, पांढऱ्या टोपीने वारा घेत. “या सायेब!” तो ओरडला. “बॅटरीवर आले वाटते? हायड्रोजन कुठं ठेवलं, डिक्कीत?” लोक हसले. धम्मरत्न उतरायला गेला. पट्टा काढायचा राहिला होता, तो काढून मग उतरला. “घनश्याम, गंज्या जाळा लागते. कंपनी नाई येत. अळी जागी होऊन राह्यली. मी सांगतो म्हणून नाई, बोंडं फोडून पाहा.” आवाज त्याला वाटला होता त्यापेक्षा बारीक निघाला. घनश्याम काही क्षण टोपी हलवायचा थांबला. “कंपनी नाई येत कसं? तुहा पोरगा तं माह्या वावराची जागा पाह्याले आला.” “ते दुसरं. ते चार्जिंगचं.” “हां. म्हंजे बॅटरीवाल्याचं,” घनश्याम पारावरच्या लोकांकडे वळून म्हणाला, “आता समजलं. याहीचं न् हायड्रोजनवाल्याचं भांडन. हायड्रोजनवाल्याले पऱ्हाटी भेटली नाई पाह्यजे, म्हनून आपल्याले जाळ्याले लावून राह्यले.” कोणीतरी मागून म्हणालं, “किती देते बॅटरीवाले, काका?” धम्मरत्नने इंद्रजितकडे पाहिलं. इंद्रजित मोबाईलवर जागेचे फोटो काढत होता. आरोप साफ खोटा असता तर खोडता आला असता. पण तो खरोखर बॅटरीच्या गाडीतून उतरला होता, पोरगा खरोखर बॅटरीवाल्यांचा पगार घेत होता, आणि पऱ्हाटी जळावी असं त्याला खरोखर वाटत होतं. सगळे पुरावे खरे आणि निकाल खोटा. अशा खटल्यात बोलून उपयोग नसतो. “असं नाई रे बाप्पा,” एवढंच तो म्हणाला. “सायेब,” घनश्याम आता प्रेमाने म्हणाला, “सरकारी मानूस कापूस ईक म्हनते तवा ठेवा लागते, न् जाळ म्हनते तवा तं अजिबात जाळू नोये. लेका, आपन काय आज कापूस पेरून राह्यलो?”

नलूवहिनी वावरात होती. गंजी बांधावर होती, घराएवढी, एकेक जुडी पोराचे केस विंचरावे तशी सारखी करून रचलेली. यंदा तिने चुलीलाही त्यातली काडी घातली नव्हती, तुराट्या मागून आणून स्वयंपाक केला होता. “जय भीम, भाऊजी. अचानक?” तिने पदराने तोंड पुसलं. त्याने आधी काही सांगितलं नाही. गंजीजवळ जाऊन एक वाळकं बोंड तोडलं, नखाने फोडलं, मग दुसरं, मग तिसरं. पहिल्यात काही नव्हतं. दुसऱ्यात अळी होती, गुलाबी, दोन बिया एकमेकींना चिकटवून त्यांच्या आत शिरलेली. तिसऱ्यात नुसतं तपकिरी टरफल होतं, एका टोकाला फुटलेलं. अळी पाखरू होऊन गेलेली. “पाह्य,” तो म्हणाला, “ही निंगाली. बाकीच्या निंगतीन. हे इथं ठेवली तं तुह्या चार एकरात यंदा बोंड हाती लागत नाई, वहिनी. जाळून टाक. मी चुकलो. कंपनी नाई येत. मार्चातच बंद झालं.” एवढं एका दमात बोलल्यावर त्याला हलकं वाटलं, आणि ते हलकं वाटणं किती लाजिरवाणं आहे हेही कळलं. तिने टरफल तळहातावर घेतलं, उन्हात धरलं. “हे तं दरसाली रायते,” ती म्हणाली. “पारावर काय झालं थे आलं मले ऐकू. लखीराम सांगून गेला सायकलीवरून.” “वहिनी, माह्यावर विश्वास नाई तुहा?” “हाये ना. तुमच्यावर नसंन तं कोनावर.” ती हसली. तिचा एक दात मागच्या उन्हाळ्यात पडला होता. “तुमी जाळा म्हनत होते तवा आमी ठेवत गेलो, चुकलो. मंग ठेवा म्हनले तं ठेवली. आता तुमी सोताहून म्हनून राह्यले का जाळा. पन भाऊजी, सारं गाव ठेवून हाये. म्या एकटीनं जाळली तं अळी काय घनश्यामच्या गंजीतून माह्या वावरात येत नाई? बांधाले काय दार हाये?”

याला उत्तर होतं. पत्रकातच होतं, शेवटच्या ओळीत: सर्व शेतकऱ्यांनी सामुदायिकरीत्या. ती ओळ तो एकतीस वर्षं वाचत आला होता आणि तिचा अर्थ आज लागला. एक गंजी जाळणं म्हणजे काहीच न जाळणं. तो गंजीला टेकून उभा राहिला. आतून चुरचुर असा बारीक आवाज येत होता, वाळक्या काड्या उन्हाने तडकतात तसा. किंवा तो त्याच्या कानात असेल. खिशात माचीस नव्हती. असती तर आपण ओढली असती का, हा प्रश्न त्याने स्वतःला विचारला आणि उत्तर यायच्या आत सोडून दिला. दूर रस्त्यावर इंद्रजित आणि घनश्याम जागा पावलांनी मोजत होते, दोघांची पावलं वेगवेगळ्या लांबीची. “एखाद्या वक्ती कंपनी आलीच तं?” नलूवहिनी म्हणाली. तिने हे विचारलं नाही, सांगितलं, लहान मुलाला समजावावं तसं. “नाई येत, वहिनी.” “तुमी म्हनले का येते, तवा नाई आली. आता म्हनता नाई येत.” तिने बांधाखालून गुंडाळलेली निळी ताडपत्री ओढून काढली आणि तिचं एक टोक त्याच्या हातात दिलं. “धरा बरं. एकटीनं होत नाई. ओली झाली तं मंग कोनाच्याच कामाची नाई.” त्याने टोक धरलं. दोघांनी ताडपत्री वर फेकली, ती वाऱ्याने फुगली, गंजीवर बसली. ती पलीकडून म्हणाली, “ताना अजून.” त्याने ताणली. दोरी खालच्या दगडाला गुंडाळली आणि गाठ मारली, मग सैल वाटली म्हणून सोडून पुन्हा मारली.